नोकरी गेल्याचे उघड सांगावे

उलव्यातील खारकोपर स्थानकाच्या आसपास आज ज्या बहुमजली इमारती उभ्या आहेत, त्यांपैकी अनेकींच्या खालचे भूखंड स्थानिक लोक 'साडेबारा टक्क्यांचे प्लॉट' म्हणून ओळखतात. परंतु या नावामागे आपली उपजीविका गमावलेल्या माणसांचा केवढा इतिहास आहे, हे त्या इमारतींतील सदनिका कर्ज काढून विकत घेणाऱ्या आणि बहुधा बाहेरून आलेल्या पगारदार कुटुंबांना क्वचितच ठाऊक असते. १९७० च्या मार्च महिन्यात सिडको या महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी संपादन करण्याचे काम हाती घेतले गेले, तेव्हा उलवे आणि त्याच्या शेजारची गावे खाडीच्या काठाने भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगत होती. मोबदल्याची रक्कम हाती आली आणि कालांतराने खर्चही झाली; पण कोणत्या महिन्यात हाताला कोणते काम, हे पिढ्यान्पिढ्या ठरवून देणारी जी वहिवाट होती ती संपली, आणि तिच्या जागी दुसरे काही देण्याची जबाबदारी आपली आहे असे प्रारंभी कोणासही वाटले नाही. ती तशी आहे हे वदवून घेण्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांना रस्त्यावर यावे लागले, आणि १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे धोरण आले, आणि या शहराच्या विमानतळासाठी ज्यांची गावे उठली त्यांच्या बाबतीत हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले.

नोकरी जाण्याविषयी लिहावयाचे असता जमिनीच्या संपादनापासून आरंभ करणे कित्येकांस विचित्र वाटेल. तथापि या विषयावर जे एक सांगावे असे मला मनापासून वाटते, ते या भूमीच्या इतिहासातच सर्वांत स्पष्ट दिसते. उपजीविकेची हानी ज्यांनी चारचौघांत मांडली, तिची नोंद करविली, तिच्यासाठी अर्ज केले आणि तगादा लावला, त्यांना उशिरा, अपुरे, पण काहीतरी मिळाले. आणि ज्यांनी ती लाजेपोटी घराच्या भिंतींआड ठेवली, त्यांच्या हाती कायद्याने देऊ केलेलेही पुष्कळदा पडले नाही.

मुंबईच्या गिरणगावाचा अनुभव याहून निराळा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप विधिवत मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही, आणि हजारो माणसे पुन्हा कधी यंत्रावर रुजू झाली नाहीत. कोणी कोकणात वा साताऱ्याकडे गावी परतले, कोणी पहारेकऱ्याची नोकरी धरली, कोणी भाजीची पाटी घेतली. आणि घराघरातून स्त्रियांनी डबे, शिवण, पापड-लोणची, धुणीभांडी अशा कामांवर संसार ओढला. गिरणी कामगारांच्या जेवणाचा भार वाहणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने एकत्र आणले होते आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळण्याची वाट त्यांना मोकळी करून दिली होती. या संस्थेचे कार्य पुढे वाशीपर्यंत पसरले. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठू लागले तेव्हा त्या जमिनीच्या एका अंशावर कामगारांचा हक्क आहे, हे म्हणणे कामगारांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरले, याद्या केल्या, दाखले गोळा केले. आणि २०१६ साली उलव्यापासून फार दूर नसलेल्या पनवेलजवळच्या कोन येथील घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी निघाली. संपानंतर चौतीस वर्षांनी, आणि तेही परळ-लालबागेऐवजी कोनला! एवढा विलंब हा अन्यायच होय. पण ती यादी मुळात अस्तित्वात राहिली याचे कारण असे की चाळीतल्या प्रत्येकास शेजाऱ्याचे काम गेल्याचे माहीत होते आणि ते लपविण्याचे कोणासही प्रयोजन नव्हते.

आता उलव्याच्या आजच्या रहिवाशाकडे पाहू. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी खारकोपरपर्यंत लोकल आली, १२ जानेवारी २०२४ रोजी ती उरणपर्यंत गेली आणि त्याच दिवशी शिवडीहून खाडी ओलांडून येणारा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचे उद्घाटन होऊन डिसेंबरात तेथून उड्डाणे सुरू झाली. या प्रत्येक टप्प्याबरोबर घरांच्या किमती चढत गेल्या, आणि मुंबईत वा ऐरोली-बेलापूरच्या कार्यालयांत काम करणारी तरुण जोडपी पुढील वीस वर्षांचे उत्पन्न गृहीत धरून येथे घरे घेत राहिली. गिरणगावात एका भोंग्यावर हजारोंचे काम सुरू होई आणि हजारोंचे एकदम थांबे. येथे तसे घडत नाही. येथे काम जाते ते एकेका माणसाचे: सकाळी बोलावणे येते, मनुष्यबळ विभागातील कोणी सौम्य शब्दांत दहा मिनिटे बोलते, दुपारपर्यंत संगणकाचा प्रवेश बंद होतो, आणि संध्याकाळी तो मनुष्य नेहमीच्या लोकलने घरी येतो. त्याच मजल्यावर समोरच्या दारामागेही गेल्या महिन्यात हेच घडले आहे, हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन नेहमीच्या वेळी घराबाहेर पडणारी माणसे मी पाहिली आहेत. कोणी दिवस वाचनालयात काढतो, कोणी मॉलमध्ये, कोणी फलाटावरच्या बाकावर. आणि पत्नीस हे कळते ते बहुधा बँकेचा हप्ता चुकल्याच्या संदेशावरून. अशा माणसास दोष देण्यास माझे मन धजत नाही, कारण आपल्या समाजाने पुरुषाची ओळख त्याच्या कामाशी इतकी घट्ट बांधून ठेवली आहे की काम सुटले म्हणजे आपणच काही अपराध केला असे त्यास वाटू लागते. पण या लपवाछपवीचा परिणाम मात्र फार घातक होतो. जे तीन महिने खर्च आवरण्याचे, बँकेशी बोलण्याचे, ओळखीच्या माणसांना शब्द टाकण्याचे असतात, तेच नेमके नाटक वठविण्यात खर्ची पडतात. आणि गावी असलेल्या आईवडिलांना पैसे पाठविणे चालू ठेवण्यासाठी वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्ड यांचा आश्रय घेतला जातो, ज्याचे व्याज गृहकर्जाच्या व्याजाहून कितीतरी अधिक असते. "आई, दोन-चार महिने पैसे कमी येतील, माझी नोकरी गेली आहे," हे एक वाक्य फोनवर उच्चारणे किती कठीण आहे याची मला कल्पना आहे. तरी ते पहिल्या आठवड्यात उच्चारावे असेच मी म्हणेन, कारण ज्यांनी दुष्काळ आणि बेभरवशाचा पाऊस पाहिला आहे त्या माणसांची सहनशक्ती मुले समजतात त्याहून मोठी असते.

सांगण्याचे महत्त्व केवळ मनाच्या समाधानापुरते नाही. त्यावर हक्काचे पैसे अवलंबून असतात. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईस आले आणि हजारो कर्मचारी थकलेल्या वेतनासह घरी बसले. त्यांच्या संघटनांनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत आपले दावे नोंदविले, अपिले केली, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांची देणी कामगारांना मिळाली पाहिजेत असा निर्णय दिला. पुढे कंपनीचे पुनरुज्जीवन फसले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अवसायनात काढण्याचा हुकूम दिला; म्हणजे लढाई दीर्घ आणि फळ अनिश्चित. तरीही बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेतही कर्मचाऱ्याचे भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांवरील हक्क वेगळे जपले जातात, हे तत्त्व त्या लढाईने ठसठशीत झाले.

कायद्याचा विचार करताना पहिली आणि सर्वांत मोलाची गोष्ट राजीनाम्याची. आजकाल पुष्कळ ठिकाणी कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्याऐवजी त्याच्याकडूनच राजीनामा लिहून घेतला जातो, आणि तसे केल्यास अनुभवाचा दाखला चांगला मिळेल, पुढील नोकरीस अडचण येणार नाही, असे त्याला समजावले जाते. त्या घटकेस मन गोंधळलेले असल्याने माणूस स्वाक्षरी करून मोकळा होतो. परंतु स्वेच्छेने नोकरी सोडणारा आणि कमी केला गेलेला यांत कायदा मोठा भेद करतो, आणि कामगार कपातीची भरपाई दुसऱ्यासच मिळते. म्हणून त्या बैठकीत कोणत्याही कागदावर सही न करता तो घरी नेऊन वाचण्यास एक-दोन दिवसांची मुदत मागावी, ती लेखी मागावी, आणि जे तोंडी सांगितले गेले त्याचा सारांश आपणच त्या दिवशी ईमेलने कळवून ठेवावा. हे आपल्या खासगी पत्त्यावरूनही पाठवावे, कारण कार्यालयाची टपालपेटी बंद होण्यास वेळ लागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत सामावला आहे. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगारास कमी करावयाचे असल्यास एक महिन्याची सूचना अथवा तेवढे वेतन आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते, ही जुन्या कायद्यातील तरतूद संहितेतही कायम आहे. तिच्यात एक भर अशी पडली आहे की पुनर्कौशल्य निधी म्हणून आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मालकाने द्यावयाची असून ती कपातीनंतर ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची आहे. उलटपक्षी, शासनाची पूर्वपरवानगी घेतल्याविना कपात करता येऊ नये यासाठी आस्थापनेत जी कामगारसंख्या लागे ती शंभरावरून तीनशेवर गेली आहे, म्हणजे मध्यम आकाराच्या कारखान्यातील कामगाराचे संरक्षण तेवढे कमी झाले. हे मला योग्य वाटत नाही. 'कामगार' कोणास म्हणावे हाही वादाचा मुद्दा होतो. व्यवस्थापकीय अधिकार असलेला माणूस त्या व्याख्येत बसत नाही. पण 'मॅनेजर' हा शब्द ओळखपत्रावर छापलेला आहे एवढ्यावरून ते ठरत नाही. न्यायालये प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहतात, आणि जो मनुष्य दिवसभर तांत्रिक वा कारकुनी काम करतो, कोणाची रजा मंजूर करीत नाही की कोणास नेमीत नाही, त्याने आपण अधिकारी आहोत अशा समजुतीने हक्क सोडून देऊ नयेत. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज देण्यास वकील लागतोच असे नाही.

नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत थकीत वेतन चुकते करावे, असे वेतन संहिता म्हणते. पाच वर्षे सलग सेवा झालेल्यास उपदान, म्हणजे ज्याला सर्वजण ग्रॅच्युइटी म्हणतात ते, राजीनामा दिला तरीही मिळते. त्याचा हिशेब सोपा आहे: शेवटच्या मासिक वेतनाचे सव्वीस भाग करावे, त्यांतील पंधरा भाग घ्यावे आणि सेवेच्या वर्षांनी गुणावे. ज्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आहेत आणि सेवा बारा वर्षांची आहे, त्याचे उपदान १,८०,००० रुपये होते. ही रक्कम तीस दिवसांत द्यावयाची असते. भविष्यनिर्वाह निधीच्या बाबतीत केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये असे ठरविले की नोकरी सुटताच खात्यातील ७५ टक्के रक्कम काढता यावी आणि उरलेली बेकारीचे एक वर्ष लोटल्यावर. काढता येते म्हणून ती सर्व काढावी असे मात्र नाही, कारण म्हातारपणासाठी ठेवलेला हा बहुधा एकमेव ठेवा असतो, आणि निवृत्तिवेतनास दहा वर्षांची सेवा लागत असल्याने आठ-नऊ वर्षे झालेल्याने निवृत्तिवेतनाचा अंश काढून टाकला तर त्याचे पुढील नुकसान हाती आलेल्या रकमेपेक्षा मोठे ठरू शकते. ज्यांचे वेतन २१,००० रुपयांच्या आत असून कर्मचारी राज्य विमा महामंडळाची वर्गणी कापली जाते, त्यांच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे. तिच्याखाली सरासरी दैनिक वेतनाच्या निम्मी रक्कम नव्वद दिवसांपर्यंत मिळते, आणि ही सवलत आयुष्यात एकदाच घेता येते. गोदामांत, सुरक्षारक्षकांत, मालाच्या चढ-उतारात काम करणाऱ्या असंख्य माणसांना या योजनेचे नावही माहीत नसते.

उलव्यातील घरांत यानंतरचा प्रश्न हप्त्याचा. पन्नास लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ४३,४०० रुपये येतो, आणि पहिल्या महिन्याच्या हप्त्यापैकी सुमारे ३५,४०० रुपये निव्वळ व्याजाचे असतात. हा तपशील मुद्दाम दिला, कारण मुदत वाढवून घेतली की हप्ता निम्म्यावर येईल अशी जी आशा असते ती फोल आहे. तेच कर्ज पंचवीस वर्षांचे केले तर हप्ता सुमारे ४०,३०० रुपयांवर येतो, म्हणजे महिन्यास तीन हजारांची सवड मिळते, आणि तिच्यासाठी एकूण व्याज सोळा-सतरा लाखांनी वाढते. तेव्हा बँकेकडे मागावयाची खरी सवलत म्हणजे काही महिने हप्ता पुढे ढकलणे किंवा तेवढ्या काळापुरते केवळ व्याज भरणे. आणि ती मागण्याची वेळ म्हणजे पहिला हप्ता चुकण्यापूर्वीची. शाखेत जाऊन नोकरी गेल्याचे पत्र जोडून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. बँक तो मान्य करीलच असे नाही. पण नव्वद दिवस थकबाकी राहिली की ते खाते अनुत्पादित ठरते, त्यानंतर थकीत कर्जांच्या वसुलीसंबंधीच्या २००२ च्या कायद्यान्वये साठ दिवसांची नोटीस निघू शकते आणि मग ताबा घेण्यापर्यंत गोष्ट जाते. त्या वाटेवर चालू लागलेल्या कर्जदाराकडे बँक ज्या दृष्टीने पाहते, ती दृष्टी आणि आधी येऊन सांगणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी यांत फार अंतर आहे. मिळालेली भरपाई एकरकमी कर्जात भरून टाकण्याचा मोह मात्र आवरावा. कर्ज थोडे कमी झाले तरी पुढच्या महिन्याचा हप्ता सुटत नाही, आणि घरात रोकड उरत नाही.

पूर्वतयारी म्हणून जे सांगावयाचे ते थोडक्यात सांगता येईल. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी रक्कम सहज मोडता येईल अशा ठेवीत असावी, हा सल्ला सर्वजण देतात आणि तो खरा आहे. एकाच मिळकतीवर चालणाऱ्या घरात ती नऊ महिन्यांची असावी असे मी म्हणेन. त्याहून दुर्लक्षित राहते ती आरोग्यविम्याची गोष्ट. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो, आणि त्यानंतर नवीन विमा घ्यावयाचा झाल्यास आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून नोकरी चालू असतानाच, आणि वय कमी असतानाच, घराचा स्वतंत्र विमा घेऊन ठेवावा. नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठ्या, बढतीची पत्रे, निधीच्या खात्याचा क्रमांक यांच्या प्रती घरी असाव्या आणि त्या कोठे आहेत हे पतीपत्नी दोघांस माहीत असावे. खात्यांवर आणि ठेवींवर केवळ एकाचेच नाव असलेली घरे अजूनही पुष्कळ आहेत. संकटात त्या घरांची फार कुचंबणा होते.

पैशाची व्यवस्था लागली तरी दिवसाची लागत नाही, आणि याविषयी आजवर झालेल्या अभ्यासांत सर्वांत मार्मिक अभ्यास मला एका लहानशा ऑस्ट्रियन गावाचा वाटतो. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्टाल येथील कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल या तरुण संशोधकांनी तेथील जीवन बारकाईने न्याहाळून १९३३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वाचावयास वेळच वेळ असताना गावच्या ग्रंथालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. रस्त्याने जाणाऱ्यांची चाल त्यांनी घड्याळ लावून मोजली, तेव्हा पुरुष मंद चालीने जात आणि वाटेत पुनःपुन्हा थांबत, स्त्रिया मात्र झपाट्याने जात असे आढळले. कारण गिरणी बंद झाली तरी चूल, मुले आणि तुटपुंज्या पैशांत सर्वांचे भागविण्याचे काम बंद झाले नव्हते, उलट ते वाढले होते. आज सकाळपासून काय केले, या प्रश्नाला पुरुषांना धड उत्तर देता येत नसे. याहोदा यांनी पुढील आयुष्यात याच निरीक्षणांतून असे प्रतिपादिले की नोकरी वेतनाबरोबर आणखी काही देत असते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, आपण कोणत्यातरी सामाईक कार्यात आहोत ही जाणीव, समाजातले स्थान आणि नियमित हालचाल. नोकरीबरोबर ही पाचही एकदम जातात, आणि 'विश्रांती मिळाली' असे म्हणणाऱ्यास आठ-दहा दिवसांतच अकारण थकवा का येऊ लागतो याचे उत्तर येथे मिळते.

म्हणून घरी बसलेल्या माणसाने ठरलेल्या वेळी उठावे, दाढी-अंघोळ उरकून तयार व्हावे आणि अर्ज लिहिण्याचे, फोन करण्याचे, नवीन काही शिकण्याचे तास नेमून घ्यावे, हा उपदेश साधा असला तरी पोकळ नाही. उरलेल्या वेळातील काही भाग त्याने घरकामास द्यावा, असे मारिएन्टालच्या स्त्रियांची ती घाईची चाल आठवून मी आग्रहाने म्हणतो. पती घरी असूनही पत्नीने नोकरी करून येऊन स्वयंपाक करावयाचा, आणि वर त्याचे मन दुखावणार नाही याची काळजीही तिनेच वाहावयाची, हे आपल्याकडे अजून स्वाभाविक मानले जाते. आणि जेथे नोकरी स्त्रीची जाते तेथे तर ती गेल्याचे दुःख करण्याचाही अवकाश तिला मिळत नाही. 'बरे झाले, आता मुलांकडे लक्ष देता येईल,' असे सांत्वन करून घरचे मोकळे होतात आणि तिच्या बारा-पंधरा वर्षांच्या कामाची किंमत कोणी विचारीत नाही. मुलांनाही त्यांच्या वयाप्रमाणे खरे सांगावे. ती दारामागची कुजबुज ऐकतात आणि प्रत्यक्षाहून भयंकर काहीतरी मनात रचतात. ज्याची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे किंवा ज्याच्या बोलण्यात जगण्याचा वीट डोकावू लागला आहे, त्याला मात्र उपदेश करीत बसू नये. डॉक्टरांकडे न्यावे, आणि शासनाची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनीसेवा विनामूल्य उपलब्ध आहे हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे.

विमानतळाने या परिसरात नव्या कामांची आशा निर्माण केली आहे, आणि ती रास्तही आहे. मालवाहतूक, सुरक्षा, स्वच्छता, खानपान, देखभाल अशी कामे निघतील, आणि त्यांत ज्यांची गावे उठली त्या कुटुंबांच्या मुलांना अग्रक्रम असावा ही मागणी मला पूर्णतः न्याय्य वाटते. परंतु मोठ्या आशेच्या पाठोपाठ फसवणूक येते. नोकरी लावून देतो म्हणून अनामत, प्रशिक्षण शुल्क वा गणवेशाचे पैसे आधी मागणाऱ्यास एक रुपयाही देऊ नये. अडचणीतला माणूस अशा ठिकाणी भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम घालवून बसतो, आणि तेही पुन्हा लाजेने कोणास सांगत नाही.

बेकारांना काम देण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने एकदा सर्व देशाला वाट दाखविली होती. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना काम देऊन गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि ग्रामीण भागातील अकुशल माणसास काम मागण्याचा हक्क या राज्याने कायद्याने मान्य केला. शहरातल्या बेकारास तसा हक्क नाही. ब्रिटनने १९११ मध्ये आणि जर्मनीने १९२७ मध्ये बेकारीचा विमा कायद्याने आणला. आपल्याकडे राज्य विमा महामंडळाची नव्वद दिवसांची सवलत ही त्याची फार तोकडी आवृत्ती आहे, आणि २१,००० रुपयांहून एक रुपया अधिक मिळविणाऱ्यास तीही नाही. वेतनातून दरमहा लहानशी वर्गणी घेऊन सर्व नोकरदारांसाठी असा विमा उभारणे अशक्य नाही. त्याची मागणी मोठ्याने होत नाही, याचे एक कारण हेच की ज्यांना त्याची गरज आहे ते आपली गरज झाकून ठेवतात.

अशा विम्याचा कायदा होईल तेव्हा होईल. उलव्यातील गृहनिर्माण संस्थांना मात्र एक गोष्ट याच वर्षी करता येण्याजोगी आहे. देखभाल शुल्क थकले असता त्यावर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज आकारण्याची मुभा आदर्श उपविधींत आहे, आणि बहुतेक संस्था ती कमाल मर्यादाच दर म्हणून स्वीकारतात. वस्तुतः त्या मर्यादेच्या आत दर किती ठेवावा हे ठरविण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. ही सभा दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत व्हावयाची असते. तीत सर्वांसाठी दर खाली आणण्याचा ठराव करता येईल, आणि ज्याने नोकरी गेल्याचे कळविले आहे त्याच्याकडील थकबाकी हप्त्यांनी घ्यावी, त्याचे नाव सूचनाफलकावर लावू नये, एवढेही त्याच सभेत ठरविता येईल. कोणत्याही सभासदास हा विषय विषयपत्रिकेवर घेण्याविषयी समितीस लेखी पत्र देता येते. आणि ज्याची नोकरी आज सुरक्षित आहे अशा सभासदाने ते द्यावे हे अधिक बरे.